ग्रंथालयातील साधने आणि त्यांची साक्ष : ‘पहिले मराठी नाटक’ या प्रश्नाच्या निमित्ताने

१

मराठीच्या पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांत शोधनिबंध ही बाब आता नवी राहिलेली नाही. तथापि असा निबंध लिहू पाहणारा विद्यार्थी ग्रंथालयात जाऊन नेमके काय करतो, याचा विचार संशोधनपद्धतीवरील पाठ्यपुस्तकांत फारसा आढळत नाही. ही पुस्तके साधनांचे प्राथमिक आणि दुय्यम असे वर्ग सांगतात, टिपणे कशी ठेवावीत ते सांगतात, संदर्भसूचीत स्वल्पविराम कोठे द्यावा हेही सांगतात. परंतु एखादे साधन हाती आल्यावर त्यावर किती भार टाकता येईल हे कसे ठरवावे, आणि शोधूनही साधन हाती लागले नाही तर त्या न लागण्याचा अर्थ काय करावा, हे दोन प्रश्न बहुधा मार्गदर्शकाच्या मर्जीवर सोडलेले असतात. दुसऱ्या प्रश्नाकडे तर मार्गदर्शकांचेही क्वचितच लक्ष जाते.

प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा विचार एका उदाहरणाच्या आधारे केला आहे. ‘मराठीतील पहिले नाटक कोणते?’ हा प्रश्न परीक्षार्थींच्या मार्गदर्शिकांनी पुरता झिजवलेला आहे. त्याचे उत्तर एका ओळीत मिळते. फक्त प्रत्येक ठिकाणी ती ओळ वेगळी असते. कोठे १८४३, कोठे १८५५, कोठे १८६१ असे वर्ष दिलेले असते, आणि प्रत्येक वर्षापुढे ‘सर्वमान्य’ हे विशेषणही असते. विद्यार्थ्याने यांपैकी एक वर्ष उचलून निबंधात घातले, तर परीक्षकाची हरकत नसते. येथेच खरी अडचण सुरू होते. तीन परस्परविरुद्ध विधानांपैकी कोणतेही एक चालते, याचा अर्थ त्या निबंधात पुराव्याला काहीच काम उरलेले नाही.

२

असा विद्यार्थी प्रथम वाङ्मयेतिहासांकडे वळतो. ते योग्यच आहे. विषयाचा नकाशा हाती नसताना कपाटे धुंडाळण्यात दिवस जातात. मराठी विश्वकोशातील नोंद, महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या ‘मराठी वाङ्मयाचा इतिहास’ या प्रकल्पातील एकोणिसाव्या शतकाविषयीचा खंड, अ. ना. देशपांडे यांचा आधुनिक वाङ्मयाचा इतिहास, आणि नाटकापुरते बोलायचे तर श्री. ना. बनहट्टी यांचा ‘मराठी रंगभूमीचा इतिहास’ (खंड पहिला, १९५७) हे ग्रंथ कोणत्याही बऱ्या महाविद्यालयीन ग्रंथालयात असतात. त्यांच्याही मागे गेल्यास आप्पाजी विष्णु कुलकर्णी यांचा ‘मराठी रंगभूमि’ (१९०३) हा ग्रंथ आहे.

हे सर्व ग्रंथ एका ओळीत मांडून, त्यांतील विधाने मोजून निर्णय देण्याची सवय विद्यार्थ्यांत दिसते. पाच ग्रंथांनी अमुक म्हटले आणि एकाने तमुक, म्हणून पाचांचे खरे, असा हा हिशेब असतो. संशोधनात मतमोजणी चालत नाही, एवढे सांगून हा प्रश्न मिटत नाही. ती का चालत नाही हे पाहिले पाहिजे. या पाच ग्रंथांपैकी चार ग्रंथांनी आपले विधान पाचव्यावरून घेतलेले असेल, तर साक्षीदार एकच राहतो. त्याचे म्हणणे चौघांनी पुन्हा उच्चारले, इतकेच. मराठी वाङ्मयेतिहासलेखनात असे वारशाने आलेले विधान पुष्कळ आढळते, आणि उगमाचा निर्देश दुसऱ्या वा तिसऱ्या पिढीत गळून पडलेला असतो.

विधान वारशाने आले आहे की स्वतंत्रपणे, हे ओळखण्याची काही गमके आहेत. दोन ग्रंथांत घटनांचा क्रम तोच असणे, विशेषणे तीच असणे, एखादे दुय्यम नाव दोन्हीकडे सारख्याच चुकीच्या रूपात येणे, ही पहिली खूण. चूक हे या कामी सर्वांत उपयोगी साधन आहे. खरी माहिती दोघांना वेगवेगळ्या वाटांनी मिळू शकते. पण तीच चूक दोघांच्या हातून स्वतंत्रपणे होण्याचा संभव कमी. दुसरी खूण म्हणजे तळटीप. लेखक मूळ प्रतीचे पृष्ठ देतो, की ‘असे म्हणतात’, ‘प्रसिद्धच आहे’ अशा शब्दांनी पुढे जातो, हे पाहावे. ‘प्रसिद्धच आहे’ हा शब्दप्रयोग आला की तेथे बहुधा तळटीप हरवलेली असते.

या कसोटीने पाहता वरील यादीची उतरंड बदलते. कुलकर्ण्यांचा ग्रंथ जुना आणि पद्धतीने शिथिल म्हणून विद्यार्थी तो बाजूस ठेवतात. परंतु विष्णुदास भावे यांचे निधन १९०१ साली झाले. त्यांच्या परंपरेतील मंडळ्या पाहिलेली माणसे आसपास असताना हा ग्रंथ निघाला, हे त्याचे बळ आहे. आठवणी सनावळीच्या कामी दगा देतात. प्रयोग कसा होई, सूत्रधार काय करी, यांविषयी मात्र त्यांचीच साक्ष जवळची असते. बनहट्टींचा ग्रंथ नंतरचा. त्यात कागदपत्रांची छाननी आहे आणि सनांच्या बाबतीत तो अधिक भरवशाचा ठरतो. एकच ग्रंथ एका प्रश्नापुरता उत्तम आणि दुसऱ्या प्रश्नापुरता कच्चा असू शकतो. ‘हा ग्रंथ प्रमाण आहे काय’ असे विचारणे म्हणूनच फारसे फलदायी नाही. ‘कशापुरता प्रमाण आहे’ असे विचारले की उत्तर मिळू लागते.

३

वाङ्मयेतिहासांनंतर तालिका. आता बहुतेक ठिकाणी ती संगणकावर असली, तरी जुन्या संग्रहांत कार्डांचे खण अजून टिकून आहेत. पुष्कळ संस्थांत जुनी कार्डे संगणकावर घेताना घाई झालेली असल्याने दोन्ही पाहणे श्रेयस्कर.

तालिकेत शोध घेण्यासाठी मराठीच्या अभ्यासकाला काही गोष्टी विशेषत्वाने माहीत असाव्या लागतात. पहिली शुद्धलेखनाची. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली आले. त्यापूर्वीच्या ग्रंथांची नावे अनुस्वारांसह आणि ऱ्हस्व इकारांत रूपांत छापलेली आहेत. ‘रंगभूमि’ आणि ‘रंगभूमी’, ‘नाटकें’ आणि ‘नाटके’ ही रूपे वाचकाला एकच वाटतात. संगणकाला ती वेगवेगळी असतात. दुसरी गोष्ट व्यक्तिनामांची. विष्णुदास भावे तालिकेत ‘भावे, विष्णु अमृत’ या नावाखाली असू शकतात. महात्मा फुले यांचे नाव जोतीराव, जोतिराव, ज्योतीराव, जोतीबा, ज्योतिबा अशा अनेक रूपांत येते, आणि प्रत्येक रूपाखाली वेगळी कार्डे निघतात. तिसरी गोष्ट कालगणनेची. जुन्या शीर्षकपृष्ठावर केवळ शके दिलेला असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. परंतु चैत्रापूर्वीच्या, म्हणजे साधारणतः जानेवारी ते मार्च या महिन्यांतील प्रकाशनाला ७९ मिळवावे लागतात. सूचीतील सन आणि ग्रंथावरील सन यांत एका वर्षाचा फरक दिसला तर त्याचे कारण अनेकदा एवढेच असते.

याहून महत्त्वाची आणि दुर्लक्षित बाब वर्गीकरणाची आहे. दशांश वर्गीकरणपद्धतीत मराठी वाङ्मयाला ८९१.४६ हा अंक आहे, त्यातील नाटकाला ८९१.४६२. रंगभूमी, म्हणजे प्रयोग ही कला, मात्र ७९२ या अंकाखाली येते. त्यामुळे नाट्यवाङ्मयाचा इतिहास एका दालनात आणि रंगभूमीचा इतिहास दुसऱ्या दालनात, अशी विभागणी होते. ८९१.४६२ च्या कपाटापुढे उभा राहिलेला विद्यार्थी नाटकाची संहिता पाहतो. ७९२ च्या कपाटापुढे उभा राहिलेला प्रयोग पाहतो. पहिल्याला १८६१ साल जवळचे वाटते, दुसऱ्याला १८४३. दोघेही आपापल्या कपाटाशी प्रामाणिक असतात. समग्र वाङ्मयाचे खंड तर वर्गीकरणकाराला त्या लेखकाची मुख्य ओळख जी वाटली असेल त्या विषयाखाली जातात. महात्मा फुले यांचे समग्र वाङ्मय अनेक ग्रंथालयांत समाजसुधारणा वा समाजशास्त्र या विभागात ठेवलेले असते. त्यातील नाटक नाटकांच्या कपाटात शोधणाऱ्याला ते मिळणार नाही. याचा दोष ग्रंथपालाकडे जात नाही, कारण एका ग्रंथाला एकच जागा देता येते. पण कपाटाची ही मर्यादा विषयाची मर्यादा समजली गेली की निबंधाची दिशा तेथेच ठरून जाते.

सूचीवाङ्मयाचेही असेच आहे. शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ ही मराठी अभ्यासाची पायाभूत साधनसामग्री होय. तिच्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ या काळातील ग्रंथांची नोंद आहे आणि तो भाग १९४३ साली प्रसिद्ध झाला. दुसरा भाग १९३८ ते १९५० या काळाचा. एका व्यक्तीने उभारलेले हे काम पाहून आजही थक्क व्हायला होते. पण ही सूची मुद्रित ग्रंथांची आहे. जे लिहिले गेले आणि छापले गेले नाही, ते तिच्यात असणारच नाही. १८६७ साली मुद्रणालये व ग्रंथनोंदणीचा कायदा (१८६७ चा २५ वा) आला आणि छापलेल्या ग्रंथांची सरकारदरबारी नोंद होऊ लागली. त्यापूर्वीच्या काळासाठी, म्हणजे ज्यांना ‘दोलामुद्रिते’ म्हणतात त्या ग्रंथांसाठी, सर अलेक्झांडर ग्रँट यांनी मुंबई इलाख्यातील १८६४ अखेरपर्यंतच्या देशी प्रकाशनांची केलेली यादी, ब्लुमहार्ट यांची ब्रिटिश म्युझियममधील मराठी व गुजराती छापील ग्रंथांची १८९२ ची सूची, आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थांतील प्रत्यक्ष संग्रह यांवर विसंबावे लागते. पहिल्या नाटकाविषयीची सर्व चर्चा या नोंदणीपूर्व काळातील आहे. तेव्हा त्या काळाविषयी ‘सूचीत नाही’ या वाक्याचे वजन किती धरायचे, हे आधी ठरवून घ्यावे लागते.

४

महात्मा फुले यांच्या ‘तृतीय रत्न’ या नाटकाचा ग्रंथालयातील प्रवास या दृष्टीने तपासण्यासारखा आहे.

पेशवाईतील दक्षिणेच्या रकमेचा काही भाग इंग्रजी अमलात मराठी ग्रंथरचनेला उत्तेजन देण्याकडे वळवण्यात आला आणि त्यासाठी दक्षिणा प्राइज कमिटी होती. १८५५ साली आपण एक लहानसे नाटक लिहून या कमिटीकडे पाठवले आणि ते तेथे स्वीकारले गेले नाही, असा निर्देश फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) या ग्रंथात केला आहे. नाटक त्या वेळी छापले गेले नाही. ते प्रसिद्ध झाले १९७९ साली, ‘पुरोगामी सत्यशोधक’ या नियतकालिकात. लेखन आणि मुद्रण यांत १२४ वर्षांचे अंतर पडले.

आता या अंतरात ग्रंथालयात येऊन गेलेल्या अभ्यासकाची कल्पना करावी. तो १९५० साली आला असता, तर दात्यांच्या सूचीत त्याला हे नाटक मिळाले नसते, कारण ते ग्रंथरूपात नव्हते. बनहट्टींचा १९५७ चा खंड त्याने पाहिला असता, तरी त्या खंडाच्या लेखकापुढेही संहिता नव्हती. १९६९ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेले ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ प्रसिद्ध केले. शीर्षकात ‘समग्र’ हा शब्द असूनही १९७९ साली उजेडात आलेली संहिता त्या आवृत्तीत असणे शक्य नव्हते. य. दि. फडके यांनी संपादित केलेल्या १९९१ च्या सुधारित आवृत्तीत हे नाटक आहे. म्हणजे एकाच शीर्षकाचे, एकाच प्रकाशकाचे, एकाच कपाटात शेजारी शेजारी ठेवलेले दोन खंड या प्रश्नाला दोन उत्तरे देतात. संदर्भात ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ एवढेच लिहून आवृत्तीचे वर्ष न देणारा विद्यार्थी आपल्या वाचकाला त्यांपैकी कोणत्या खंडाकडे पाठवतो, हे सांगता येत नाही. आवृत्तीचा निर्देश हा संदर्भलेखनातील शिष्टाचाराचा भाग मानला जातो. येथे तर सगळा युक्तिवादच त्यावर उभा आहे.

दुसरी गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. संहिता नसली तरी निर्देश होता. ‘गुलामगिरी’ १८७३ पासून छापील रूपात उपलब्ध होती. १८५५ साली एक नाटक लिहिले गेले होते, ही माहिती नाट्येतिहासकाराच्या हाताशी येण्यासारखी होती. तरी नाट्येतिहासाच्या चर्चेत तिला दीर्घकाळ मध्यवर्ती स्थान मिळाले नाही. याचे कारण केवळ अनास्थेत शोधण्यापेक्षा वाचनाच्या वाटांत शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल. नाटकाचा अभ्यासक नाटके वाचीत होता आणि नाटककारांची चरित्रे वाचीत होता. सामाजिक वादाचा ग्रंथ त्याच्या वाटेवर नव्हता. १८५५ साली एका समितीने एक हस्तलिखित नाकारले. मग ते छापले गेले नाही. छापले नाही म्हणून सूचीत आले नाही. सूचीत नाही म्हणून इतिहासात नाही, आणि इतिहासात नाही म्हणून अभ्यासक्रमातही नाही. या साखळीतील पहिल्या दुव्यानंतरच्या कोणालाही नाटक नाकारण्याची गरज पडली नाही. प्रत्येकाने आपले काम चोख केले तरी परिणाम तोच झाला.

ग्रंथालयात एखादी गोष्ट नसणे हा, म्हणूनच, स्वतंत्रपणे तपासण्याचा विषय आहे. ती लिहिलीच गेली नाही, लिहिली गेली पण छापली नाही, छापली पण टिकली नाही, टिकली पण घेतली गेली नाही, घेतली पण वेगळ्या विभागात ठेवली गेली, यांपैकी कोणत्या कारणाने नसणे आले आहे, हे वेगवेगळ्या साधनांवरून ठरवता येते. ‘या विषयावर साहित्य उपलब्ध नाही’ हे शोधनिबंधांच्या प्रस्तावनांत सर्रास आढळणारे वाक्य या पाचांपैकी काहीच सांगत नाही.

५

साधनाची पारख करताना ते कोठे प्रसिद्ध झाले याला हल्ली अतोनात महत्त्व दिले जाते. नियतकालिक मान्यताप्राप्त यादीत आहे काय, लेखाचे परीक्षण झाले होते काय, हे प्रश्न अगदी निरर्थक नाहीत. नवख्या अभ्यासकाला त्यांचा आधार होतो. पण ‘तृतीय रत्न’ ज्या नियतकालिकात छापले गेले ते एका चळवळीचे नियतकालिक होते. प्रतिष्ठेची चाळणी लावून साधने निवडणाऱ्याच्या हातून पहिल्या नाटकाच्या प्रश्नातील एक मूळ संहिताच निसटली असती. जिला त्या लेखकाविषयी आस्था आहे ती चळवळ त्याचे कागद जपते आणि छापते. ज्यांना आस्था नाही त्यांच्याकडून ते काम होत नाही. साधनामागे पक्ष आहे, एवढ्यावरून ते त्याज्य ठरत नाही. पक्ष कोणत्या विधानापुरता आड येतो, हे पाहावे. नाटक ‘पहिले’ आहे या दाव्यात प्रकाशकाचा अभिमान मिसळलेला असू शकतो. नाटकाची संहिता छापण्यात तो आड येण्याचे कारण नाही. तेथे प्रश्न हस्तलिखित आणि मुद्रित पाठ यांच्या ताळमेळाचा असतो, आणि तो ताळमेळ पाहता येतो. नाटकाचे नावही काही लेखनात ‘तृतीय नेत्र’ असे आढळते. शोध घेताना दोन्ही नावांनी घ्यावा आणि पाठभेदाची नोंद निबंधात करावी.

हीच तारतम्यबुद्धी १८५५ या वर्षालाही लावली पाहिजे. त्यात फुले यांच्याविषयीच्या आदराला बाध येत नाही. ‘गुलामगिरी’तील निर्देश घटनेनंतर अठरा वर्षांनी केलेला आहे आणि तो स्वतः लेखकाचा आहे. लेखनाविषयी आणि नाटक पाठवल्याविषयी ती सर्वांत जवळची साक्ष होय. ते का नाकारले गेले याविषयी मात्र ती एका पक्षाची साक्ष आहे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे समितीच्या कागदांत शोधावे लागेल. प्रयोगाविषयी हा निर्देश काही सांगत नाही, आणि त्याच्याकडून ते वदवून घेऊ नये.

भाव्यांच्या बाबतीत उलट स्थिती दिसते. सांगलीला चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीता स्वयंवर’चा प्रयोग १८४३ साली झाला. ५ नोव्हेंबर हा दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. पण भाव्यांची पदे ‘नाट्यकवितासंग्रह’ या नावाने ग्रंथरूपात आली ती १८८५ साली. त्यांच्या नाटकात पदे सूत्रधार म्हणे आणि पात्रांची भाषणे बव्हंशी आयत्या वेळी रचली जात. तेव्हा १८८५ चा ग्रंथ हाती घेऊन त्यावरून १८४३ च्या प्रयोगातील संवादांविषयी विधाने करणे म्हणजे जे कागदावर कधी नव्हतेच ते कागदावरून वाचणे होय. येथे प्रयोग आहे आणि त्याच काळची पूर्ण संहिता नाही. फुले यांच्या बाबतीत संहिता आहे आणि प्रयोगाचा पुरावा हाती नाही.

विनायक जनार्दन कीर्तने यांच्या ‘थोरले माधवराव पेशवे’ या नाटकाचे वर्ष १८६१ असे दिले जाते, आणि स्वतंत्र, गद्य, ऐतिहासिक अशी विशेषणे जोडून त्याला पहिलेपण देण्यात येते. विद्यार्थ्याने अशा ठिकाणी विशेषणे मोजावीत. ‘पहिले’ या शब्दापूर्वी जितकी विशेषणे अधिक, तितके त्या दाव्याचे क्षेत्र लहान. ‘स्वतंत्र’ हे विशेषण काढले की संस्कृतावरून झालेली भाषांतरे पुढे येतात; ‘प्रबोधचंद्रोदय’चे मराठी रूपांतर १८५१ सालचे आहे. ‘महाराष्ट्रातील’ ही अध्याहृत अट काढली की तंजावर पुढे येते. तेथील भोसले राजांपैकी शाहराज (राज्यकाल १६८४ ते १७१२) यांच्या नावावर ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठी नाटक आहे, आणि तंजावरच्या मराठी नाटकांची हस्तलिखिते सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेली आहेत. पुण्यामुंबईच्या ग्रंथालयांतील कपाटांत शोधून मिळालेले ‘पहिले’ आणि मराठी भाषेतील पहिले यांत असे दीड शतकाचे अंतर पडू शकते.

वरील सनांपैकी कोणताही खोटा नाही. एक प्रयोगाचा आहे, एक मुद्रित भाषांतराचा, एक स्वतंत्र लेखनाचा. १८६१ हा सन लेखनाचा धरायचा, मुद्रणाचा की प्रयोगाचा, हे प्रत्यक्ष प्रतीचे शीर्षकपृष्ठ आणि प्रस्तावनेखालची तिथी पाहून निबंधात स्पष्ट लिहावे. विद्यार्थ्याने शोधनिबंधाचा विषय ‘पहिले मराठी नाटक’ असा न घेता ‘पहिलेपणाचे निकष’ असा घेतला, तर हीच साधने त्याला कितीतरी अधिक देतील.

६

प्रत हाती आल्यावर काय टिपावे, याविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे. शीर्षकपृष्ठाची मागची बाजू बहुतेकांकडून वाचलीच जात नाही. आवृत्ती की पुनर्मुद्रण, मुद्रणालय कोणते, पूर्वीच्या आवृत्त्यांचे सन कोणते, हे तेथे असते. ‘दुसरी आवृत्ती’ असे छापलेले असूनही आतील मजकूर जसाच्या तसा असतो, आणि ‘पुनर्मुद्रण’ म्हटलेल्या प्रतीत एखादे परिशिष्ट हळूच वाढलेले असते. दोन्ही प्रती शेजारी ठेवून अनुक्रमणिका आणि पृष्ठसंख्या ताडून पाहण्याला पर्याय नाही. नियतकालिकांचे अंक बांधणीसाठी पाठवताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची पद्धत अनेक ग्रंथालयांत होती. त्यामुळे अंकाचा महिना, वर्गणी, नाटकमंडळ्यांच्या खेळांच्या जाहिराती हा सर्व ऐवज नाहीसा होतो. जाहिरातीवरून प्रयोगाची तारीख ठरवायची असेल, तर दुसऱ्या संस्थेत सुट्या अंकांचा संच आहे काय याची चौकशी करावी. जाता जाता हेही नमूद करावे की, एकोणिसाव्या शतकातील चिंध्यांच्या लगद्याचा कागद पुष्कळदा शाबूत असतो आणि विसाव्या शतकातील स्वस्त कागद हातात तुकडे होऊन येतो. जुने ते नाजूक, नवे ते टिकाऊ, हा समज येथे उपयोगी पडत नाही. तुकडे होणारी प्रत झेरॉक्ससाठी उलटी दाबू नये. हाताने उतरून घ्यावी किंवा ग्रंथपालाच्या अनुमतीने छायाचित्र घ्यावे.

दुर्मिळ ग्रंथांच्या संगणकीय प्रती आता घरबसल्या मिळतात. जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही सोय फार मोलाची आहे. तथापि अशा प्रतीवर दिलेले वर्ष अनेकदा माहिती भरणाऱ्याने अंदाजाने घातलेले असते, शीर्षकपृष्ठ फाटलेले असले तर पुढील आवृत्तीचे वर्ष पहिल्या आवृत्तीला चिकटते, आणि शब्दशोधाची सोय जुन्या खिळ्यांच्या अक्षरांपुढे अडखळते. यंत्राला शब्द सापडला नाही, म्हणून तो त्या ग्रंथात नाही असे धरू नये. शोधगंगेवर उपलब्ध असलेल्या प्रबंधांचा उपयोग मुख्यतः त्यांच्या संदर्भसूचीसाठी करावा. त्या सूचीतील नोंदी तेथून न उचलता मूळ ग्रंथापाशी जाऊन पाहाव्यात.

शोधाच्या नोंदवहीत जे मिळाले त्याबरोबर जे मिळाले नाही तेही लिहून ठेवणे इष्ट. कोणत्या संस्थेत, कोणत्या दिवशी, कोणत्या नावाच्या कोणत्या रूपाखाली, कोणत्या विभागात शोध घेतला आणि काय आढळले नाही, अशी नोंद असेल तर पुढच्या अभ्यासकाचे श्रम वाचतात आणि निबंधातील ‘उपलब्ध नाही’ या शब्दांना अर्थ येतो. मराठी विभागांतून सादर होणाऱ्या शोधनिबंधांना संदर्भसूचीबरोबर अशी एक पानभर नोंद जोडण्याची अट घालण्यास हरकत नसावी. सूची फुगवण्याकडे असलेला कलही त्याने कमी होईल.

‘तृतीय रत्न’पुरते बोलायचे तर असा शोध आता ग्रंथालयाच्या बाहेर जातो. दक्षिणा प्राइज कमिटीचा व्यवहार त्या काळच्या शिक्षण खात्याशी येत असे, आणि मुंबई इलाख्याच्या खात्यांची दप्तरे मुंबईच्या पुराभिलेखागारात आहेत. १८५५ आणि त्याच्या मागच्यापुढच्या वर्षांच्या खंडांत समितीकडे आलेल्या हस्तलिखितांची यादी, परीक्षकांचे शेरे किंवा बक्षिसांचा हिशेब यांपैकी काही आहे काय, हे पाहण्यासाठी विद्यार्थ्याला मोडी आणि जुने हस्तलिखित इंग्रजी दोन्ही वाचता यावे लागेल. त्या खंडांची मागणीचिठ्ठी भरताना ‘नाटक’ हा शब्द उपयोगी पडणार नाही. वर्ष, खाते आणि समितीचे नाव यांवरूनच ते मागवावे लागतील.